माझ्या खुर्चीत बसणारा कॉम्रेड

मी, सूर्यकांत भालचंद्र देवस्थळी, वय एकोणसाठ, व्यवसाय नोकरी, मूळ राहणार कोथरूड, पुणे, सध्या मुक्काम अल कुसैस, दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. मी रागात आहे, पण पुण्याच्या वकिलांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, रागात लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, फक्त अक्षर वाचता आलं पाहिजे.

येत्या मंगळवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता माझी पत्नी सौ. अनुपमा हिच्याकडे बघतात. तेव्हा त्याआधी एका गोष्टीचा निकाल लावायचा आहे. माझ्यामागे अनुपमा कोणाची आठवण काढत राहणार? माझी, की आमच्या हॉलच्या शोकेसमध्ये कॉफीच्या डब्यात बसलेल्या त्या इटालियन माणसाची?

डब्यात त्याची राख आहे. एलिओ बेर्तान्या त्याचं नाव. जाऊन तीन वर्षं झाली, पण आमच्या घरातून काही गेला नाही.

कलम १. कोथरूडचा फ्लॅट माझ्यामागे संपूर्णपणे अनुपमाचा. अट एकच: तो डबा त्या फ्लॅटच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. बाल्कनीतसुद्धा नाही. बाल्कनी कायद्यानं फ्लॅटमध्येच धरतात, हे मी बत्तीस वर्षं इमारतींची मोजमापं काढणारा माणूस सांगतोय.

कलम २. बँकेतली शिल्लक, विमा आणि कंपनीची ग्रॅच्युइटी अनुपमाला. मुलगी मुग्धा हिचं शिक्षण त्यातून व्हावं. मुलगा निखिल अबुधाबीत चांगल्या नोकरीला आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाबा, आय डोन्ट नीड इट. प्लीज, असलं मॉर्बिड काही लिहू नका." म्हणून त्याला काही ठेवलेलं नाही. मागाहून तक्रार चालणार नाही.

कलम ३. हॉलमधली दाराकडे तोंड असलेली लाकडी खुर्ची शेजारचे सतीश प्रधान यांना द्यावी. ही खुर्ची मी १९८४ साली शारजाच्या जुन्या बाजारात स्वतः पसंत करून घेतली. नंतर १९९३ ते २००० या काळात दर शुक्रवारी मी तिच्यावर बसू शकलो नाही. एलिओ यायचा, बाकीच्या चार खुर्च्या सोडून नेमका तिच्यावर बसायचा. पहिल्यांदा मी म्हटलं, "सोफ्यावर बसा ना, आरामात." तर म्हणतो कसा, "माफ करा सिन्योर सूर्या, दाराकडे पाठ करून मी चाळीस वर्षांत बसलेलो नाही." अनुपमा लगेच म्हणाली, "अहो, बसू दे ना त्यांना!" तेव्हापासून दाराकडे पाठ करून मी बसत आलो. सतीशनं तिच्यावर खुशाल बसावं, भिंतीकडे तोंड करून बसला तरी माझी हरकत नाही.

कलम ४. एलिओची कॉफीची उभी किटली, जी त्यानं अनुपमाला दिली, ती तिचीच आहे, मी ती वाटणीत धरलेली नाही. लग्नानंतर सोळा वर्षं ही बाई माझ्याबरोबर आल्याचा चहा प्यायली. ९३ नंतर सकाळी काळीकुट्ट, बिनसाखरेची कॉफी. मी एकदा चाखली. तोंड असं झालं की मुग्धा हसून लोळली. अनुपमा म्हणाली, "सवय व्हावी लागते." माझी सवय व्हायला तिला किती वर्षं लागली, हे मी विचारलं नाही.

कलम ५. हा माणूस कोण, हे लिहिल्याशिवाय पुढचं कोणाला कळणार नाही. मला त्याचं चरित्र लिहायची हौस नाही. पण इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय.

बाप संगमरवराच्या खाणीत कामाला. अठराव्या वर्षी हा डोंगरात पळून गेला आणि फॅसिस्टांशी लढला. युद्ध संपल्यावर पक्षानं त्याला प्रागला पाठवलं, तिथं वर्षभर शिकवलं आणि मग संगमरवराचा सेल्समन करून जगात सोडून दिलं. अलेक्झांड्रिया, बैरूत, शेवटी एडन. दर बंदरात नवं नाव, नवा पासपोर्ट. पेटीत वर फरशांचे नमुने, खाली छपाईचे टाइप आणि गोदी कामगारांच्या युनियनसाठी पैसे. एका देशात चौदा महिने तुरुंगात होता. कोणत्या, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. "तिथली माणसं अजून जिवंत आहेत," एवढंच म्हणायचा. गावाकडे नोरा नावाची मुलगी वाट बघत होती. वाट बघून बघून तिनं एका टपाल कारकुनाशी लग्न केलं. त्या कारकुनाबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी वाटत आली आहे.

९१ साली इटलीतला पक्ष बरखास्त झाला. एलिओला ते एडनमध्ये रेडिओवर कळलं. परत ये म्हणून कोणी कळवलं नाही. "पाठवणारेच उरले नाहीत, रिपोर्ट कुणाला करणार?" हे वाक्य त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर म्हटलं आणि अनुपमाच्या हातातली पोळी तशीच राहिली. मग तो दुबईला आला. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या नावानं राहायला लागला. स्पॉन्सर आमच्या कंपनीचा मालक, व्हिसावर 'मार्बल टेक्निशियन'. भांडवलशाही उलथवायला निघालेला माणूस, शेवटी शेखांच्या बंगल्यांच्या फरशा तपासत होता. यावर मी एकदा विनोद केला. सगळ्यांत जास्त एलिओच हसला. अनुपमा हसली नाही.

आता खरं सांगतो. मी त्याच्यावर जळायचो, आणि फक्त बायकोपायी नाही. त्याला सात पासपोर्ट, मला एक, आणि तोही कंपनीच्या कपाटात. तो तुरुंगात गेला, मी वार्षिक रजेवर पुण्याला गेलो. निखिल लहानपणापासून त्याच्या गोष्टी आ वासून ऐकायचा. "बाबा, ही इज अ लेजंड!" बरोबर आहे. बाप काय, शाळेची फी भरणारा.

कलम ६. माझी मोजपट्टी, ड्रॉइंगचा संच आणि कॅल्क्युलेटर मुग्धाला. कॅरमबोर्ड महाराष्ट्र मंडळाला द्यावा, पण ९७ साली अंतिम सामन्यात पंचगिरी करणाऱ्या इसमाला त्याला हात लावू देऊ नये. तो इसम ओळखेल स्वतःला.

कलम ७. अनुपमाबद्दल. तिचे वडील परळच्या गिरणीत जॉबर आणि लाल बावट्याचे पक्के. ती स्वतः लग्नाआधीपासून युनियनच्या ऑफिसात बसायची, मोर्च्यात घोषणा द्यायची. आवाज खणखणीत. हे मला माहीत होतं. पण मी पुण्याचा, आमच्या घरी राजकारण म्हणजे सकाळचा पेपर. ७९ साली ती इथे आली. तिच्या व्हिसावर शिक्का बसला: गृहिणी, नोकरीस परवानगी नाही. पुढची चौदा वर्षं तो आवाज मी फक्त मुलांना हाक मारताना ऐकला.

आणि एका शुक्रवारी हा पांढऱ्या केसांचा माणूस आमच्याकडे वरणभात जेवायला आला, तिचे वडील काय करत होते ते त्यानं विचारलं, आणि उठून तिच्याशी हात मिळवत म्हणाला, "कॉम्रेड अनुपमा." झालं! खलास! तिचा चेहरा असा उजळला की मी पानातली लिंबाची फोड उगाच पिळत बसलो. त्यानंतर शुक्रवारी दोघं बोलायची: संप कसे फुटतात, माणसं कशी फितूर होतात, मुहैस्नाहच्या लेबर कँपमध्ये पगार अडकलेल्या मुलांसाठी अर्ज कसे लिहायचे. ती अर्ज लिहायची, तो ते पोचवायचा. मी गाडी चालवायचो. वाटेत मागच्या सीटवर दोघांचं बोलणं चालू, आणि मला काय? "अहो, एसी जरा कमी करा ना."

संशय घेतला का? घेतला. वावगं काही नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. वावगं असतं तर भांडता तरी आलं असतं!

कलम ८. अंत्यसंस्कार. माझ्या देहाचे हिंदू पद्धतीनं दहन व्हावे. या बाबतीत जे घडलं ते नोंदवतो, कारण माझं खरं दुखणं हेच आहे, डॉक्टर काहीही म्हणोत.

जानेवारी २००० मध्ये एलिओ झोपेत गेला. पाद्री नको, कबर नको, मला जाळा, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. नातेवाईक कोणी आलं नाही. कंपनीचे पीआरओ अलीमियाँ यांनी धावपळ करून सगळ्या परवानग्या आणल्या आणि आम्ही त्याला हिंदू स्मशानात नेलं. लाकडं रचून झाली. तिथला माणूस, केरू नाव त्याचं, आपल्याच नगरकडचा, पण सगळ्यांशी हिंदीत बोलायची सवय, त्यानं विचारलं, "अग्नी कौन देगा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुरुष, वयानं मोठा, म्हणून. मी बूट काढायला वाकलो. तेवढ्यात अनुपमा पुढे झाली.

"मी देणार."

केरू गडबडला. "ताई, बायामाणसं नाही देत. आणि तुमचं नातं काय?"

"कॉम्रेड," ती म्हणाली. खणखणीत. परळच्या आवाजात.

केरूनं पलिता तिच्या हातात दिला. तिनं प्रदक्षिणा घातली, अग्नी दिला, मूठ वर केली. रडली नाही. मी एका पायात बूट, एक हातात, असा उभा होतो. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यासाठी कधी वडाला दोरा गुंडाळला नाही, तिचा विश्वास नाही म्हणून, आणि मी ते मान्य केलं. पण परक्या माणसाला अग्नी दिला! माझ्याआधी! तो मान माझा होता. मेल्यावर मिळायचा असला म्हणून काय झालं, माझाच होता.

दुसऱ्या दिवशी ती राख घेऊन आली. त्याच्या खाणीच्या गावी नेणार म्हणाली. पण कंपनी तिकीट देते ते फक्त मुंबईचं, आणि मी दुसरं काढलं नाही.

कलम ९. इथपर्यंत लिहून मी औषध घ्यायला उठलो. परत येतो तर अनुपमा टेबलापाशी उभी राहून वाचत होती. तिनं सगळं वाचलं. जे बोलणं झालं ते मृत्युपत्रात बसत नाही, पण ते इथेच लिहितो, कारण यापुढे जे लिहिणार आहे त्याचं कारण तेच आहे.

ती म्हणाली, "बाल्कनीसुद्धा नाही? कमाल आहे हो तुमची."

मी विचारलं, "त्यानं बोलावलं असतं, तर गेली असतीस?"

तिनं जरासुद्धा वेळ घेतला नाही. "गेले असते."

माझ्या छातीत कळ आली, पण ती नेहमीची नव्हती.

"मग? बोलावलं नाही त्यानं?"

"नाही." ती बसली. माझ्या खुर्चीत नाही, सोफ्यावर. "आणि तुम्ही तरी कुठं बोलावलं होतंत? तुम्ही इथलं तिकीट पाठवलंत. सासूबाईंनी आणून हातात दिलं. येतेस का, जमेल का, युनियनचं काय करशील... एका अक्षरानं विचारलं नाहीत. चोवीस वर्षं झाली. मी बघतेय, कधी विचाराल."

मग ती आत जाऊन कुकर लावायला लागली. मी बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसलो.

कलम १०. वरील कलम १ मधील अट मी रद्द करतो. फ्लॅट बिनशर्त अनुपमाचा. त्यात तिनं काय ठेवावं, कोणाला ठेवावं, तो तिचा प्रश्न.

कलम ११. हे कलम वकील काढून टाकायला सांगतील, काढू नये. मी आजपर्यंत घरात सगळं ठरवून सांगत आलो. कोणत्या गावात राहायचं, मुलांनी काय शिकायचं, रजेत कुठं जायचं. अग्नीचंसुद्धा निखिलचं नाव घालून मोकळा होणार होतो. ते करत नाही. त्याऐवजी विचारतो:

अनुपमा, माझी वेळ येईल तेव्हा, मंगळवारी किंवा पुढे कधी, मला अग्नी तू देशील का? नाही म्हणालीस तरी फ्लॅट तुझाच. उत्तरासाठी खाली एक ओळ मोकळी सोडतो.

देईन. नातं काय सांगायचं, ते माझं मी ठरवीन. अनुपमा.

वरील ओळ माझ्या पत्नीच्या हस्ताक्षरात आहे. मी ती तीनदा वाचली आणि नातं काय सांगणार, असं तिला आत जाऊन विचारलं. ती म्हणाली, "जेवायला चला." मला त्या माणसाचा हेवा अजून वाटतो. तरीही हे मृत्युपत्र माझ्या इच्छेने, वाचून, समजून, साक्षीदारांसमोर पुरं करत आहे.

(सही) सूर्यकांत भालचंद्र देवस्थळी

आमच्यासमोर सही केली:
१. सतीश मधुकर प्रधान, शेजारी. (खुर्ची मला नको, ती सूर्यकांतरावांनीच वापरावी. बाकी मजकूर मान्य.)
२. सौ. सुजाता सतीश प्रधान.

मुक्काम अल कुसैस, दुबई
शुक्रवार, ७ मार्च २००३