बाजेचं सुंभ

सिंधू,

जवळा बाजारला चाललो, संध्याकाळच्या एसटीनं येतो. काल तुझ्या बाजेचा नुसता सांगाडा बघून ओरडलो, त्याची लाज वाटून राहिली.

काळ्या मातीत काहीबी येतं या घमेंडीत मी शाळेनं सांभाळायला दिलेल्या बेडकांच्या काचपेटीत ती अननसाच्या जातीची, मातीबिगर खोडावर वाढणारी झाडं चिखलात लावली. मुळं कुजली, पेटी नासली. तू बाजेचं सुंभ सोडून पिंजलंस, कोळशाचे तुकडे मिसळून त्यात झाडं बसवलीस, अन् इतके दिवस मला न सांगता स्वतः जमिनीवर निजलीस. आज नवा कोंब दिसला. बेडकंबी त्याच्याच बुडाशी बसलीत. लई उपकार झाले, बाई.

नवं सुंभ आणतो. तुला सासरी कधी धाडता, असं दाजींनी पत्रात विचारलंय. तिची बाज आमी इथंच नव्यानं विणून राहिलो, एवढंच लिहून टाकलं.

रामकिशनदादा