प्रोसेसरचं वेगळं ताट

बाबा, आज अमरावतीला लेकीच्या खोलीवर तुमची गाठ सापडली.

अकोल्याच्या घरी मी पहिला कॉम्प्युटर जोडला, तो दिवस आठवतोय. स्क्रीनची केबल राहिली म्हणून मी बाजारात गेलो आणि तेवढ्यात तुम्ही फुलांचं दुकान बंद करून, पूजेचा हार घेऊन घरी आलात. मी परत येऊन बटण दाबतो. दिवा लागतो, पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच. तुम्ही मशीनला घातलेल्या तुमच्याच हाराकडे संशयाने बघताय. "पंखा त फिरून राह्यला. मंग हा तोंड काहून दाखवत नाई?" बऱ्याच वेळाने मला दिसलं. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरशेजारी, चार पिनांची जागा रिकामी होती आणि तिथे लावायची वायर केळीच्या सोपाने, हार ओवायच्या त्या सालीच्या दोऱ्याने, बाजूला बांधलेली होती, तुम्ही गजरा बांधायचात तशी, दोन वेढे घेऊन टोक आत खोचलेलं. "लोंबकळून राह्यली होती, मी बांधली," तुम्ही म्हणालात. मी समजावलं, मोठ्या प्लगातून बोर्डाला वीज मिळते, पण प्रोसेसरला या छोट्यातून वेगळी द्यावी लागते. "पंगतीत नाई जेवत? याले वेगळं ताट? जावई हाय काय तो?"

आज लेकीने स्वतः मशीन जोडलं. दुपारी तिची नोकरीची ऑनलाइन परीक्षा, ती मोबाईलवर चालत नाही. ती चहा करायला उठली तेव्हा मी मशीनला हार घातला. नंतर तिने बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले, पडदा काळा. ती रडकुंडीला आली. मी कधी स्क्रीनला, कधी नशिबाला दोष देत होतो. तिनेच टॉर्च मारला. प्रोसेसरची वायर हाराच्या उरलेल्या दोऱ्याने बाजूला बांधलेली. दोन वेढे, टोक आत.

"पप्पा, हे तुम्ही केलं?"

तिने प्लग बसवला, पडदा उजळला, आणि मी तिला तुमची सगळी गोष्ट सांगितली. वर हेही म्हणालो की आजोबांची आठवण म्हणून बांधली. तिचे डोळे भरून आले. तो दोरा तिने सोडून टाकला नाही, त्याच वायरला तसाच राहू दिला आणि परीक्षेला बसली.

मी बाहेर जिन्यात बसून हे लिहितोय. तिला सांगायचं धाडस नाही म्हणून तुम्हाला सांगतो. बांधताना तुमची आठवण बिलकुल आली नव्हती, बाबा. वायर लोंबकळत होती, बरी दिसत नव्हती, एवढंच.