टोकनयंत्रातल्या मांजराची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, काम प्रोग्रामिंग, शिक्षण दहावी आणि पुढे दुरुस्तीच्या दुकानात मिळालं तेवढं, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. मंगळवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ बदलांनी काय काय बंद पडतं, ते मी रोज पाहतो.

१. बँकेतली शिल्लक, सायकल आणि खिडकीजवळची खुर्ची ताईला. खुर्चीचं डावं चाक अडकतं. त्यावरून खुर्चीवर चिडू नये.

२. तारा जोडायची, डाग देण्याची पेटी दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांना परत. त्यांनीच शिकवलं, "आधी उघडून बघ, विचार नंतर."

३. ऑफिसला काहीही नाही. एका बटणाचा रंग बदलायला मला चार बैठका आणि दोघांची मंजुरी लागली. रंग शेवटी होता तोच राहिला. रोज सकाळच्या बैठकीत उभं राहून काल काय केलं ते सांगायचं, आणि उद्या सांगता यावं एवढंच आज करायचं. याला मी कंटाळलो आहे.

४. सहा वर्षांपूर्वी मी आणि माझा भागीदार बोक्या, दोघेच एका गळक्या खोलीत काम करायचो. दवाखान्याच्या टोकनयंत्रात आम्ही कुणाला न सांगता एक मांजर ठेवलं. हिरवं बटण सात वेळा दाबलं की ते पडद्यावरून चालत जातं. ताटकळलेल्या माणसांसाठी.

बोक्या आता माझा साहेब आहे. परवा म्हणाला, "ते सोमवारपर्यंत काढ बाबा. तपासणीत सापडलं तर उत्तर कोण देणार?"

"तू. चित्र तूच काढलंस."

तो हसला नाही. मीही मांजर यंत्रातून काढलेलं नाही, काढणार नाही. माझ्यामागे ताईने महिन्यातून एकदा जाऊन ते आहे ना, पाहावं.

५. हा कागद बोक्याकडे साक्षीसाठी पाठवला, तर अकरा शेरे मारून परत आला. "कलम ३ चा सूर कडवट." "चाकाचा उल्लेख आवश्यक आहे का?" मृत्युपत्रालाही मंजुरी. दहा शेरे मी फेटाळतो. अकरावा त्याच्या सहीखाली जसाच्या तसा ठेवला आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
रविवार, १४ जून २०२६

सही: (स्वतः)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)

साक्षीदार २: बोक्या (सही)
"कलम ४: सात नव्हे, पाच. सात वेळा कोण दाबतंय? तेव्हा मीच बदललं होतं, तुला न विचारता. काल जाऊन पाहिलं, चालतंय. तपासणीचं मी बघतो."