मधलं पान

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पुस्तकाच्या दुकानात उभी राहिले की मला तुमचाच धाक वाटतो. मध्यंतरी नवी पेठेत जगाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक हातात घेतलं. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं. तुम्ही वर्गात सांगायचात, पुस्तक घेताना पहिलं पान बघायचं नाही, तिथं सगळेच नटून बसलेले असतात. मधलं पान उघडायचं. तिथं कुणी जेवताना, भांडताना, घाम पुसताना दिसलं तर घ्यायचं. नुसते राजे आणि सनावळ्या दिसल्या तर गुपचूप परत ठेवायचं. मी मधलं पान उघडलं. तिथं राजेच राजे होते, एकाखाली एक. तरीही घेतलं. दुकानदाराने हौसेने ढीगभर पुस्तकं काढून दाखवली होती आणि रिकाम्या हाताने निघायचा मला संकोच वाटला.

पुस्तक लेकीसाठी हवं होतं. दहा वर्षांची आहे, आणि हे वर्षभर ती घरीच शिकते आहे. शाळेत जात होती तेव्हा रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, काढे झाले, सासूबाईंचं दृष्ट काढणं झालं. शेवटी शाळा सोडवली आणि पोट दुखायचं थांबलं. तिचे बाबा म्हणाले, एक वर्ष बघू, जूनमध्ये काय ते ठरवू. आता सोलापूर उन्हाने भाजून निघालंय, म्हणजे जून दारात आलाय. सासूबाई भेटेल त्याला सांगतात, "आमच्यात आईच मास्तर हाय. पोरीला घरात कोंडून शिकवायलीय." गणित आणि भाषा मी रेटून नेते. पण जगाचा इतिहास मला तरी कुठे येतो? मी पाठ करून पहिली येणारी मुलगी. म्हणून सगळी भिस्त पुस्तकांवर, आणि पुस्तकं तर अशी, की इंग्रजीत अर्धं जग एका पानात उरकलेलं आणि मराठीत मुंगीएवढं अक्षर, वर प्रत्येक धड्याखाली प्रश्न. त्यात तिला रमवायचं, नाहीतर जूनमध्ये पुन्हा तीच शाळा आणि तेच पोट.

त्या जाड पुस्तकाचं पहिलं प्रकरण मी तिच्या आधी वाचून काढलं आणि हाताला सवय म्हणून समासात पेन्सिलीने 'आयएमपी, आयएमपी' लिहीत गेले. तिने पुस्तक उघडलं, थोडा वेळ बघितलं आणि मिटून माझ्याकडे सरकवलं. "आई, महत्त्वाचं तू आधीच शोधून ठेवलंयस की. मग मी काय वाचू?"

मला एकदम तुमचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही खाली बसून भाकऱ्या थापताय आणि मी उंबऱ्याशी तुमच्याच कपाटातलं पुस्तक घेऊन समासात 'आयएमपी' लिहीत बसलेय. तुम्ही पिठाच्या हाताने ते माझ्याकडून ओढून घेता.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, बाई."

"लई शानी झालीस की. हे महत्त्वाचं हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"परीक्षेत येतं, बाई."

तुम्ही खोडरबर पुढे केलंत. मी मुसमुसत एकेक पान खोडत होते. मग तुम्ही भाकरी आणि शेंगाचटणी वाढलीत आणि म्हणालात, "आता परत वाच, आन् तुला काय वाटतंय ते सांग." मी वाचलं आणि घाबरत विचारलं, एवढं सैन्य एवढ्या लांब चालत गेलं, तर त्यांच्या चपला कोण शिवत असेल? तुम्ही पहिल्यांदा हसलात. "हां. आता वाचायलीस तू." जाताना ते पुस्तकच मला देऊन टाकलंत. तुमचा राग आला होता, तो घरी पोचेपर्यंत राहिला नाही.

तर मी लेकीला घेऊन पुन्हा दुकानात गेले आणि म्हटलं, तूच निवड. तिने एक पातळसं पुस्तक उचललं. लोक कुठे झोपायचे, काय खायचे, अंघोळ कशी करायचे, असलंच सगळं त्यात. मी एकटी असते तर ते हातातही घेतलं नसतं. पण ते ती जेवताना वाचते, झोपाळ्यावर वाचते, वाचता वाचता मोठ्याने हसते. एकदा सासूबाईच म्हणाल्या, "फुडं काय झालं, वाच की." तिचे बाबा माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, मी जून जिंकला.

काल ती जुन्या काळच्या शाळेच्या धड्यावर आली. एक मुलगा ओल्या मातीच्या पाटीवर अक्षरं गिरवायचा, चुकलं की छडी, असं त्यात होतं. छडीचं तिला काही वाटलं नाही. तिने विचारलं, "आई, याच्या शेजारी कोण बसायचं?"

बाई, ताकाला येऊन इतका वेळ भांडं लपवत होते. पुस्तकांचं नव्हे, जूनचंच विचारायचं होतं. तिला जोडीला कुणीतरी हवंय हे मला कळतं. एखादी वेगळी शाळा बघता येईल, तेही कळतं. पण ती दिवसभर घरात असते, माझ्याशी बोलते, आणि ती गेली की या घरात मी बोलणार कुणाशी, याची मला भीती वाटते. हे मी तिच्या बाबांना सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. हे कुठे पाठवायचंही नाही, एवढं बरं आहे.

तिला मी सांगितलं, "पुस्तकात तसं काही दिलेलं नाही." खरं तर पुढच्या पानावर चित्र होतं. एका बाकावर दोन मुलं अगदी चिकटून बसलेली, एक दुसऱ्याच्या पाटीत डोकावणारा. मी ते आधीच पाहून ठेवलं होतं, आणि दोन्ही पानं एकदम उलटली.