आईच्या वाट्याचा दाणा

माकणी, मंगळवार, संध्याकाळ

आईच्या कॅन्सरचा जनुकांचा रिपोर्ट आला. पेशींची वाढ आवरणारं एक जनुक तिच्यात जन्मापासूनच बिघडलेलं आहे. बरं एवढंच, की त्याच बिघाडामुळं नवी गोळी लागू पडण्याची शक्यता जास्त. एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण ती शेंगा फोडत बसली होती, आणि मी त्यातलीच एक उचलून तिला म्हणाले, जनुकाचंही असंच असतं. शेंगेत दोन दाणे, एक आईकडून आलेला, एक वडलांकडून. एक किडका असला तरी दुसरा काम धकवतो. तुझा दुसराही गेला.

तिचे हात थांबले. "मंग तुला म्या कंचा दिला?"

"सांगता येत नाही. निम्मी शक्यता."

"लोकांचं रक्त तपासतीस. सोताचं तपासलंस का?"

नाही. प्रयोगशाळेत रोज हेच काम करते, तरी नाही. का, ते इथंही लिहवत नाही.

"तू तपासल्याबिगर म्या गोळीला हात लावणार न्हाय."

चिडले, समजावलं. ती ढिम्म. तिची गोळी लांबणं परवडणारं नाही. शेवटी म्हणाले, सकाळी धाराशिवला जाऊन रक्त देते.

"व्हय? मंग आदी जेव," म्हणाली आणि शेंगांची परात उचलून आत गेली. मी उचललेली शेंग मात्र माझ्यापुढं तशीच, न फोडता ठेवून.