पिवळी पिशवी आणि आठवा भाग

अकोला, बुधवार संध्याकाळ

आज मालिकेचा आठवा भाग पाहिला. जग संपलंय, बाहेर नुसती राख, आणि ती बाई अजून तळघरातच. पहिल्या भागात तिने पिवळी पिशवी भरली होती. ती दाराशी तशीच पडून. बाई कधी झरोक्यातून बघते, कधी डबे पुसते. गोष्ट कुठे न्यायचीय हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसावं.

मी चिडून म्हटलं, "बंद करा हे."

नवरा म्हणाला, "थांब न, आता निघतेच." मग तोच वैतागला. "पण हे बाई निघून कावून नाही राहिली? पिशवी तं भरलेली हाय."

मी कपाटाकडे पाहिलं. अमरावतीच्या शाळेचं नेमणुकीचं पत्र महिन्यापासून माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. शुक्रवारपर्यंत हजर व्हायचंय. त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की विचारेल, "मंग घराचं कसं?" रोज ठरवते, आजचा भाग संपला की सांगू. भाग संपतो, मी उठून कुकर लावते.

मी कशाला चिडते त्या बाईवर? तिच्या दाराबाहेर राख आहे. माझ्या दाराबाहेरून अमरावतीची बस दर अर्ध्या तासाला जाते.