निंजाची आगपेटी

बाबा, तुम्हाला इंग्रजी वाचता येत होतं की नव्हतं? तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझेच केस पिकले, आणि हे आता विचारतेय. पण मागच्या महिन्यात ती निंजाची पुस्तकं मला पुन्हा सापडली, नागपुरात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, चारही. मी अधाशासारखी वाचायला बसले आणि तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय. त्यातलं जवळजवळ काहीच तुम्ही सांगितलं तसं नाही.

जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरात आपण दोघंच होतो तेव्हाची ही गोष्ट. कोण्या साहेबांची बदली झाली, त्यांचं सामान ट्रकवर चढवायला तुम्ही गेले आणि त्यांच्या पोरांनी टाकून दिलेली ही पुस्तकं पिशवीत घालून घेऊन आले. मी चौथीत. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कव्हरवर तोंड बांधलेला काळ्या कपड्यांतला माणूस, एवढंच काय ते माझं वाचन. आई नागपूरच्या दवाखान्यात होती, छातीच्या आजारानं, कितीतरी महिने, आणि लहान पोरांना तिच्याजवळ जाऊ देत नव्हते. रविवारी तुम्ही एकटेच एस.टी.नं जायचे, मला शेजारच्या काकूंकडे ठेवून. बाकीचे दिवस पहिली पाळी करून यायचे, स्टोव्हवर भात टाकायचे आणि भात होईस्तोवर पुस्तक उघडायचे.

खेळ तुम्हीच समजावला होता. निंजा म्हणजे आपणच. गोष्टीचे तुकडे केलेले, प्रत्येक तुकड्याला आकडा, आणि तुकड्याच्या शेवटी विचारतात, आता काय करशील? आपण जे म्हणू त्याचा आकडा शोधायचा. बरोबर निघालं तर पुढं जायचं, चुकलं तर मेलो, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही पाटावर बसलेले आहात, पुस्तक हातभर लांब धरलंय. "किल्ल्याचं गेट आलं. शिपाई उभा हाये. काय करतेस?" मी उडी मारून म्हणते, "मारते त्याले!" तुम्ही पुस्तक खाली घेता. "काहून मारतेस? ड्युटी करून राहिला तो. त्याले का लेकरंबाळं नाईत? आगपेटी दे त्याच्यापाशी, खिसे दाखव, अन् जाय अंदर." मग मी आगपेटी देते, शिपाई मला बिल्ला देतो आणि निंजा आत जातो.

मला वाटायचं, जगातल्या सगळ्या किल्ल्यांची हीच रीत. बारुदीच्या फॅक्टरीत तुम्ही रोज बिडी-आगपेटी गेटवर जमा करून, तिचा बिल्ला घेऊनच आत जायचे, मग निंजा काय आभाळातून पडला होता? कॉलेजात हॉस्टेलच्या पोरींना मी छातीठोक सांगितलं की निंजा लोक आगपेटी गेटवर जमा करतात. त्या हसून हसून लोळल्या. मी तुमच्या नावानं भांडले, बाप्पा! दोन दिवस एकीशीही बोलले नाही.

आता चष्मा लावून वाचते, तर त्या शिपायाशी बोलायची सोयच नाही. त्याचा गळा आवळा, नाहीतर लोखंडी चांदणी फेका, नाहीतर आगीची पूड उडवा. आगपेटीचं नाव नाही, बिल्ला नाही. तुम्ही मला खंदकातून नेलं होतं, शिंगाड्याच्या वेलींखालून, आपल्या गावच्या, अड्याळच्या तलावात असतात तशा. इथं खंदकच नाही, नुसता बर्फ! मी मनात म्हटलं, झालं, बाबांना येत नव्हतं इंग्रजी. चित्रं पाहून थापा मारल्या. मग मागचंही सगळं जुळत गेलं. मी पाचवीत गेले, इंग्रजी सुरू झालं आणि पुस्तकं घरातून गायब. विचारलं तर तुम्ही म्हणाले, "वाळवी लागली." सिमेंटच्या क्वार्टरात, लोखंडी पेटीत कसली वाळवी लागते हो? मला हसू आलं आणि रडूही आलं.

पण तिसऱ्या पुस्तकात निंजा जिभेखाली विषाची सुई लपवतो. ती सुई तुम्ही मला सांगितली होती! मी खराट्याची काडी जिभेखाली ठेवून फिरायची, काकूंनी पाठीत धपाटा घातला होता. आणि त्या पानावर काय, मागंपुढंही कुठं सुईचं चित्र नाही. मग तुम्हाला कळली कुठून? वाचता येत होतं, तर बाकीचं असं का सांगितलं?

तुम्हाला एक कधी बोलले नाही. मी तेव्हा मनाशी ठरवलं होतं की पुस्तकात मी मेले तर आई मरणार, आणि जगले तर आई घरी येणार. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच. म्हणून तुम्ही आकडा शोधायला लागले की मी तुमच्या तोंडाकडं पाहत राहायची. कधी कधी तुम्ही एकाच पानाकडं फार वेळ पाहत बसायचे, भात खाली लागल्याचा वास यायचा, तरी उठायचे नाही. मग म्हणायचे, "वाचलीस. चाल पुढं." चारही पुस्तकं झाली, मी एकदाही मेले नाही. आता त्याच वाटांनी जाते तर पावलोपावली मरते.

आई आली घरी. आता माझ्याकडेच असते. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण तेव्हाचं विचारलं तर सांगते. मी म्हटलं, बाबांना इंग्रजी येत होतं का गं? "त्याइले? कोन जाने! माझ्यापाशी तर पुस्तक आनत नव्हते." मग वाती वळता वळता आपणहून म्हणाली, "एका रविवारी आले अन् खाटेपाशी बसून रडले. मी म्हटलं, मले काई होत नाई, कायले रडता? तर म्हने, काल पोरगी मेली होती पुस्तकात. म्या दुसरंच सांगतलं तिले."

म्हणजे तुम्ही वाचत होते? की फॅक्टरीतल्या पाट्यांवर कवटीखाली असतो तो मरणाचा एकच इंग्रजी शब्द तुम्हाला ओळखू यायचा, आणि तो दिसला की तुम्ही पान उलटायचे? आणि गोष्टीतल्या मरणाला रडले कशाला? माझी पैज तुम्हाला कळली होती का? की तुम्हीही तीच लावून बसले होते? आईला पुन्हा विचारलं तर म्हणते, "मी असं कधी म्हटलं?" आता कोणाला विचारू?

हा कागद पुस्तकातच ठेवून देते, दुसरीकडं कुठं धाडणार. इतकी वर्षं मला वाटायचं की आईला मी वाचवलं, नीट वाटा निवडून. कोणाला बोलले नाही, पण मनात ती ऐट होती. काल दुपारी पुन्हा खेळायला बसले, त्या गेटवरच मेले, आणि नेमकी आई आतल्या खोलीत खोकली. मी "आई!" म्हणून ओरडलेच, बाबा, या वयात. आतून तिनं विचारलं, "काय झालं वं?" मी पान उलटलं आणि म्हटलं, "काही नाही. वाचले."